एक नंबरची कबर

उम्म अल कुवैन
१२ जून १९९८

प्रिय रेजिनाताई,

सप्रेम नमस्कार. पत्र कोणाचं ते बघायला आधी पाकीट उलटं केलं असेल, तर तुमची जुनी सवय अजून गेलेली नाही म्हणायची. मी सूर्यकांत. अडुसष्ट साली तुमच्या चार खाटांच्या दवाखान्यात विषमज्वराने तीन आठवडे पडून होतो आणि रोज पेजेला नावं ठेवत होतो, तोच. आता पोट सुटलंय, केस गेलेत, आणि इंडस्ट्रियल एरियात मोटार रिवाइंडिंगचं वर्कशॉप आहे. सव्वीस माणसं हाताखाली. कान मात्र तसेच तिखट. मोटार सुरू केली की सांगतो, बेअरिंग गेलंय की वाइंडिंग. फोन करणार होतो, पण मिनिटाला पाच दिरहम, म्हणजे सत्तावन्न रुपये, आणि तुम्ही फोनवर दोन वाक्यांत माणसाला वाटेला लावता.

कारण असं, की आपल्या जुन्या चर्चला या नोव्हेंबरात तीस वर्षं पुरी होतात. मी हिंदू असून 'आपल्या' म्हणतो, कारण तिथला पहिला पंखा मी बसवला आणि तो अजून फिरतो. नवे फादर वर्गीस केरळचे, तरुण, उत्साही. सुव्हनिअर, म्हणजे स्मरणिका, काढायचीय त्यांना. मला धरलं. "सूर्यकांतजी, आप से पुराना कोई बचा नहीं. यल्ला, लिखो." मी म्हटलं, फादर, मला बिलं लिहिता येतात. तर म्हणाले, तशीच लिहा.

म्हणून लिहितोय. खजुराच्या झावळ्यांची झोपडी, उपडी पेटी ठेवून केलेली वेदी, शुक्रवारी मिस्सा, कारण सुट्टीच शुक्रवारची. चाळीस डोकी. मग शेखसाहेबांनी जमीन दिली आणि लोकांनी खाडीतून दगड वाहून भिंती उभ्या केल्या. एवढं झालं. आता अडलोय एक नंबरच्या कबरीपाशी. इनास तुस्कानो, तुमचा धाकटा भाऊ. छत घालताना पडला. दर दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, आपल्या चर्चमधून गेलेल्यांची नावं वाचतात, त्यात पहिलं नाव त्याचं. तुम्ही एकोणऐंशीला वसईला परतलात, तेव्हापासून त्या दिवशी फुलं मी ठेवतो. पुस्तकात त्याच्यावर एक पान करायचंय. जन्मतारीख, स्वभाव, इथे कसा आला, जमेल तेवढं कळवा. मी त्याला कधी पाहिलं नाही. खाटेवरून फक्त शवपेटीचे खिळे ठोकलेले ऐकले.

जाता जाता आणखी एक. माझा जोडीदार प्रल्हाद मेस्त्री आठवतो? आम्ही दोघं देवगडचे, एकाच लाँचमधून खोर फक्कानला कमरेएवढ्या पाण्यात उतरलो होतो. मी तापात असताना तो कुवेतला निघून गेला, असं तुम्हीच मला सांगितलं होतं. त्याची बायको लतिका अजून वाट बघते. गावात तिला 'टाकलेली' म्हणतात. प्रल्हाद कुठल्या लाँचने गेला, कोणाबरोबर, काही आठवतं का? सहज विचारतो.

आपला,
सूर्यकांत


वसई
३ जुलै १९९८

प्रिय सूर्या,

जय येशू. पाकीट उलटं केलंच. गुडघे गेलेत, सवयी कुठल्या जायला.

तू इनासच्या कबरीवर फुलं ठेवतोस हे वाचलं. ठेवू नकोस असं म्हणवत नाही आणि ठेव असंही म्हणवत नाही.

इनासबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. जन्म १९४४. सुतारकाम येत होतं. जानेवारी अडुसष्टमध्ये कंपनीच्या लेबर कॅम्पवर आला. कॅम्पातल्या ख्रिस्ती कामगारांना शुक्रवारी मिस्साला आणायला ट्रक होता, त्यातून यायचा आणि मिस्सा झाल्यावर छतावर चढायचा. हसतमुख होता. १९ जुलैला सकाळी मला म्हणाला, "सिस्टर, आज आंबोळी खावीशी वाटते." दुपारी वासा निसटला. दोन तासांत गेला. देवाची इच्छा. एवढंच छाप. पानभर नको, आणि फोटो तर नकोच, माझ्यापाशी नाही.

प्रल्हादचं मला काही आठवत नाही. त्या काळी रोज कोणी ना कोणी कुवेतला जात होतं. त्याच्या बायकोने आता देवाकडे बघावं.

रेजिना तुस्कानो


उम्म अल कुवैन
२१ जुलै १९९८

रेजिनाताई,

सोबत एक फोटो पाठवतोय. आपलं छत घालणाऱ्यांतला कोट्टयमचा जॉर्ज आठवतो? त्याची मुलगी आता अबुधाबीला बँकेत आहे. तिने सुव्हनिअरसाठी बापाची ट्रंक उपसली, त्यात सापडला. छतावर तिघं बसलेत. मागे जॉर्जच्या हाताने नावं आहेत: जॉर्ज, दौलत, इनास. मे १९६८.

ज्याच्याखाली इनास लिहिलंय तो प्रल्हाद आहे.

जूनमध्ये तुम्हाला पत्र लिहिलं तेव्हा हा फोटो माझ्या ड्रॉवरमध्ये होता. माफ करा. मोटार खोलण्याआधी ती आपणहून काय बोलते ते मी ऐकतो, धंद्याची खोड आहे. तुम्ही बोललात. वसईच्या कुपारी ख्रिस्ती घरातला मुलगा फुगे मागेल, इंद्याल मागेल. मरायच्या दिवशी आंबोळी मागणारा माणूस देवगडचा असतो. आणि सख्खा भाऊ बहिणीला दवाखान्यातल्या पेशंटसारखं 'सिस्टर' म्हणतो होय?

आता माझंही ऐका. चौऱ्याहत्तर साली अबुधाबीच्या बस स्टँडवर मागून आवाज आला, "मेल्या, सरक मरे." प्रल्हादचा. शपथेवर सांगतो, त्याचाच. वळून बघितलं तर नुसती पठाणांची गर्दी. त्याच रात्री मी लतिकाला पत्र टाकलं, प्रल्हाद जिवंत आहे, मी कानांनी ऐकलं. ऐंशी साली बारा वर्षं झाली म्हणून सासरचे दर्भाचा पुतळा करून त्याचं शेवटचं उरकणार होते. लतिकाने माझं पत्र सगळ्यांपुढे धरलं आणि करू दिलं नाही. तेव्हापासून ती ना सवाशीण ना विधवा. तिच्या मते प्रल्हादने कुवेतला दुसरं घर केलंय.

तिला मी काय सांगू? पुस्तक जाऊ दे खड्ड्यात. एक नंबरच्या कबरीत कोण आहे?

सूर्यकांत


उम्म अल कुवैन
५ सप्टेंबर १९९८

रेजिनाताई,

दीड महिना झाला. तुमच्या पोस्टमनला दोष देऊन बघितला, पटत नाही.

काल दफनभूमीत गेलो होतो. तिथला चौकीदार लियाकत, पेशावरचा. मी विचारलं, यहाँ डर नहीं लगता? म्हणाला, "नहीं साहब, सब आराम से हैं. बस ये एक नंबरवाला. बीस साल से देखता हूँ, इसकी रेत बैठती ही नहीं. मैं शाम को बराबर करता हूँ, सुबह देखो तो जैसे किसी ने करवट बदली हो." मी म्हटलं, हवेने होत असेल. तो म्हणाला, "हवा बाकियों पर नहीं चलती क्या, साहब?"

मी रागावलेलो नाही. म्हणजे आहे, पण ते नंतर. लतिका एकोणपन्नास वर्षांची आहे, ताई. लग्न झालं तेव्हा सतराची होती. तिच्या वाट्याला काय आलं ते तिला कळू द्या. लिहा.

सूर्यकांत


वसई
२० सप्टेंबर १९९८

सूर्या,

हे पत्र चार वेळा फाडलंय. आता जसं येईल तसं लिहिते.

इनास जानेवारीत आला आणि पंधरा दिवसांत आई अंथरुणाला खिळल्याची तार आली. रजा मिळेना. न सांगता जायचं तर नोकरी जाणार. त्याच आठवड्यात प्रल्हाद दवाखान्यात पायाची जखम बांधायला आला होता. तुमच्याकडे कागद नव्हते, तुम्हांला दोघांनाही काम मिळत नव्हतं. मीच दोघांची गाठ घालून दिली. इनासच्या गेटपासवर प्रल्हाद तीन महिने काम करेल, तोवर इनास परत येईल. गेटवरच्या गोऱ्या फोरमनला सगळे हिंदी चेहरे सारखेच. तेव्हा कॅम्पात असे कितीतरी होते, एका पासावर दोन माणसं.

पण पासावर ख्रिस्ती लिहिलं होतं. शुक्रवारी ट्रकमध्ये चढला नाही तर बोभाटा व्हायचा. म्हणून तो मिस्साला यायला लागला. 'हे आमच्या स्वर्गातील बापा' मी त्याच्याकडून पाठ करून घेतलं. गुडघे कधी टेकायचे हे जॉर्जकडे चोरून बघून करायचा. चर्चमध्ये सगळे त्याला इनासच समजत, कारण खरा इनास कोणी नीट पाहिलाच नव्हता. खरं मला ठाऊक होतं, आणि म्हाताऱ्या इटालियन फादरांना. तुला एवढंच ठाऊक की त्याला कुठेतरी सुतारकाम मिळालंय; बाकी त्याने सांगितलं नाही, कारण मी शपथ घातली होती. म्हणाला, "सूर्याच्या पोटात काय रवणा नाय."

तीन महिने झाले, इनास परतेना. आई जाता जात नव्हती. आणि मग १९ जुलै.

त्याला माझ्याकडे आणला तेव्हा शुद्ध होती. पडद्यापलीकडच्या खाटेवर तू तापात बडबडत होतास. त्याने विचारलं, "सूर्या हा?" मी म्हटलं, हो. "तेका सांगू नकात, उगाच उठून बसतलो." नंतर पाणी मागितलं. शेवटी बोललेलं एवढंच.

कंपनीचा साहेब आला, खिशातला पास बघितला, नाव लिहून घेतलं. मी गप्प राहिले. खरं बोलले असते तर पोलिसांनी विचारलं असतं, बिनकागदाचा हा आला कुठून, लाँचमध्ये आणखी कोण होतं. पडद्यापलीकडे तू होतास. तुझ्यापायी गप्प बसले असं म्हणू शकते, पण अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं इनासपायी, आणि माझ्या नोकरीपायी. फादरांनी कबुलीत ऐकलं, आणि कबुलीतलं बाहेर बोलता येत नाही, म्हणून तेही बांधले गेले. तिकडे तेव्हा दहनाची सोय नव्हती, तेही एक निमित्त मिळालं. फादर त्याला पुरताना रडले. लोकांना वाटलं पहिली कबर म्हणून.

दुसऱ्या दिवशी तू माझा हात धरून म्हणालास, "ताई, तुमचा भाऊ गेला, मी आहे ना." सूर्या, त्या एका वाक्यापायी मी तुला कधी खरं सांगू शकले नाही. तू बरा झाल्यावर कुवेत म्हणाले. कुवेत सगळ्यात लांब वाटलं.

कंपनीची तार वसईला पोचली तेव्हा इनास पडवीत जेवत होता. इनास मेला अशी तार इनासनेच सही करून घेतली. आईला त्या दिवसापासून भ्रम झाला. त्याला बघून किंचाळायची. नोव्हेंबरात गेली.

तो अजून आहे. केळीची वाडी करतो, लग्न केलं नाही. दोन नोव्हेंबरला जेवत नाही, बोलत नाही, भिंतीकडे तोंड करून पडतो. मला विचारतो, "बाय, तिथे तीस वर्षं माझ्यासाठी प्रार्थना करतात, मी इथे जिवंत. मग ती प्रार्थना जाते कुठे? आणि त्याच्यासाठी कोण करतं?" मी नर्स होते रे. फादर नव्हे.

रेजिना


उम्म अल कुवैन
४ ऑक्टोबर १९९८

रेजिनाताई,

पत्र मिळालं. दोन दिवस वर्कशॉपला गेलो नाही. बायको म्हणाली, काय झालं? मी म्हटलं, प्रल्हाद वारला. ती म्हणाली, कधी?

तुम्हाला दोष देतो आणि देता देता अडखळतो. तुम्ही गप्प बसून खोटं बोललात, मी बोलून. तुमच्या खोट्याने तिचा नवरा पुरला आणि माझ्या खोट्याने तिला त्याच्यासाठी रडूही दिलं नाही. वीस वर्षं मी त्याच्या डोक्याशी फुलं ठेवतोय आणि मनात त्यालाच शिव्या घालतोय, मला न सांगता गेलास म्हणून.

फादर वर्गीसना सगळं सांगितलं. त्यांनी जुनं रजिस्टर उघडलं. मग म्हणाले, रजिस्टरमधली नोंद बदलता येईल, वरूनही परवानगी मिळेल. फक्त एक कागद लागेल. ज्याच्या नावाने नोंद आहे त्याने स्वतः लिहून द्यायचं, की मी जिवंत आहे. तेवढं झालं की प्रल्हादच्या नावाचा दाखला देतील. तो घेऊन मी देवगडला जाणार. लतिकाला नुसत्या तोंडाने सांगणार नाही. माझ्या तोंडावर तिने एकदा विश्वास ठेवून झालाय.

इनासला विचारा. घाबरू नको म्हणावं, तीस वर्षांनंतर पासाची चौकशी करायला कोणी येत नाही.

सूर्यकांत


वसई
१३ ऑक्टोबर १९९८

सूर्या,

इनासला तुझं पत्र वाचून दाखवलं. उठून वाडीत गेला. मला वाटलं आता येत नाही. संध्याकाळी अंघोळ करून, पांढरा सदरा घालून आला आणि म्हणाला, "कागद दे." सोबत त्याने लिहिलेलं आहे. शब्द त्याचेच, मी एकही सुधारला नाही.

'मी इनास तुस्कानो, वय ५४, राहणार वसई, लिहून देतो की मी मेलेलो नाही. माझ्या जागी जो आहे तो प्रल्हाद मेस्त्री. तो माझ्या पासावर काम करत होता. तो माझ्यापेक्षा चांगला सुतार होता असं ऐकतो. माझं नाव काढावं आणि त्याचं घालावं. उशीर झाला, क्षमा असावी.'

सही करताना म्हणाला, "हे नाव लिहायची भीती वाटते गं, बाय. कोणा दुसऱ्याचं असल्यासारखं."

लतिकाबाईंना माझ्याकडून काही सांगू नकोस. त्यांनी विचारलं तरच माझं नाव घे.

रेजिना


उम्म अल कुवैन
६ नोव्हेंबर १९९८

रेजिनाताई,

आधी इकडचं. या सोमवारी मृतांच्या मिस्सात नावं वाचली. फादरांनी पहिलं नाव घेतलं, "प्रल्हाद." देवगडचा सुतार, आपल्या दफनभूमीत पहिला निजलेला, असंही म्हणाले. माझ्या पुढच्या बाकावरची फिलिपिनो बाई शेजारणीला हळूच म्हणाली, "हू इज दॅट?" पण प्रार्थना म्हणाली. सगळे म्हणाले. सुव्हनिअरमध्ये त्याच्यावर पानभर लिहिलंय, आणि तो फोटोही आहे. लियाकतला मी रेतीचं विचारलं नाही. विचारायला धजलो नाही.

त्याआधी, २८ ऑक्टोबरला, मी देवगडला होतो.

लतिकावहिनी बालवाडीत मदतनीस आहे. मुलांचा खाऊ वाटून दुपारी घरी आली. मला ओट्यावर बघून म्हणाली, "भावजी, कुवेताक जाऊन इलात काय?" दर वेळी असंच विचारते, थट्टेत. मी दाखला पुढे केला. इंग्रजीत होता, म्हणून मीच वाचून सांगितला. नाव, वय, कारण, तारीख. मग सगळं सांगितलं. तुमचं नाव तिने विचारलं, तेव्हा घेतलं. चौऱ्याहत्तरच्या आवाजाचंही सांगितलं, की तो त्याचा असणं शक्य नव्हतं, मी तुला फसवलं.

मला वाटलं ओरडेल, निदान मला बाहेर काढेल. ती एवढंच म्हणाली, "तारीख परत सांगा."

"एकोणीस जुलै अडुसष्ट."

आत गेली. बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आली. त्यात त्याची पत्रं होती, निळी, घडीची. तिने ती जमिनीवर एकामागे एक मांडली, तारखेवार. अकरा पत्रं. दर पंधरा दिवसांनी एक, मंगळवारचं. शेवटचं सोळा जुलैचं. त्यावर बोट ठेवून ती बसून राहिली. ओठ हलत होते, मोजत होती. तीस जुलै, तेरा ऑगस्ट, सत्तावीस ऑगस्ट. न आलेली पत्रं मोजत होती. दुसरं घर केलं म्हणून लिहायचं सोडलं, असं तीस वर्षं तिने धरून ठेवलं होतं.

"भावजी," ती म्हणाली, "म्हंजे तेंनी एकय पत्र चुकवूक नाय."

मी मान हलवली.

"ह्या शेवटचा मी परत उघडूक नाय. रागान. वाचा."

मी चष्मा लावला आणि वाचायला लागलो. चौथीपर्यंत शिकलेल्या सुताराचं अक्षर. तब्येत बरी आहे. इथे एका देवळाचं छप्पर घालतो आहोत, शुक्रवारचं, धर्माचं काम. सूर्या आजारी आहे, पण बाई चांगल्या आहेत, बरा होईल. वरून समुद्र दिसतो, त्याच्या पलीकडे तू आहेस असं धरून काम करतो. वेळेवर जेवतेस ना?

"जेवतंय," ती म्हणाली.

मला नव्हे.

सूर्यकांत